सुरुचीच्या लग्नाचे कच्चे फोटो

लग्नाचा अल्बम घरी आला त्या दिवशी गिरिधरराव दाणींनी तो पाहिला नाही, तपासला. या दोन्हीतला फरक त्यांच्या पत्नी प्रेमलताबाईंना छत्तीस वर्षांच्या संसारानं चांगला ठाऊक होता. बाकीची माणसं अल्बम मांडीवर घेतात, पानं उलटतात, "ही कोण गं, ओळखूच येत नाही" म्हणतात आणि चहा घेतात. गिरिधररावांनी अल्बम जेवणाच्या टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, एक कोरा कागद घेतला आणि त्यावर पट्टीनं दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'आपण', दुसऱ्यावर 'ते'.

'ते' म्हणजे व्याही. रुपराव लोहकरे, मुक्काम पारशिवनी, धंदा शेती. सुरुची आणि रुपरावांचा ऋषिकेश एकाच कंपनीत कामाला होते आणि त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं, त्यामुळे गिरिधररावांना परवानगी देण्यापलीकडे काही काम उरलं नव्हतं. ती त्यांनी चार महिने दिली नाही आणि मग उपकार केल्यासारखी दिली. "माणसं चांगली आहेत हो, पण..." असं ते त्रिमूर्ती नगरच्या बागेत सकाळी फिरणाऱ्या मंडळींना सांगत. त्या 'पण'च्या पुढे ते काही बोलत नसत. ऐकणाऱ्यांना मात्र सगळं समजत असे, कारण त्यांच्याही घरी एकेक 'पण' होता.

सव्वा तासानं हिशोब लागला. एकूण फोटो सहाशे. 'ते' एक्केचाळीस, 'आपण' एकोणीस. त्या एकोणिसांतही दोन ठिकाणी पाठमोरे, आणि एकात फक्त फेटा, ज्याच्या खाली आपणच असल्याचं गिरिधररावांनी रंगावरून सिद्ध केलं. पण खरा घाव वेगळा होता. त्यांचे जुने साहेब लग्नाला येऊन गेले होते. साहेबांनी आपला हात हातात घेतला आणि दहा मिनिटं सोडला नाही, हे गिरिधररावांनी बागेत आतापर्यंत अकरा जणांना सांगितलं होतं. तो फोटो अल्बममध्ये नव्हता.

"मुद्दाम काढून टाकला," ते म्हणाले.

"साहेबांचा फोटो कोण कशाला काढून टाकेल?" प्रेमलताबाईंनी विचारलं. "आणि मी बघा किती छान आले आहे यात. वांगी रंग कसा खुलला आहे."

"तू छान आली आहेस, तिथंच संशय येतो," गिरिधरराव म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस त्यांना चहा स्वतः करून घ्यावा लागला.

गिरिधरराव एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झाले होते. कपाटं, फडकी, गठ्ठे आणि कसर यांच्यामध्ये चौतीस वर्षं काढल्यावर माणसाची सृष्टीकडे बघायची नजर तयार होते. जगात दोनच गोष्टी आहेत, मूळ आणि नक्कल, आणि नक्कल आणणारा माणूस बहुतेक करून चोर असतो. अशी नजर असलेला माणूस लग्नाचा अल्बम बघायला बसला, तर त्यात त्याला नवरी कशी दिसणार?

तेल ओतायचं काम खालच्या मजल्यावरच्या शोभाताईंनी केलं. शोभाताईंचा भाचा पुण्याला असतो, आणि पुण्यात भाचा असलेल्या बाईला नागपुरात काहीच नवीन राहत नाही.

"भाऊजी, हे लोक सात-सात हजार फोटो काढतात आणि सहाशे हातावर ठेवतात," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं काय लोणचं घालतात का? तुम्ही रॉ मागा. रॉ म्हणजे ओरिजिनल. कॅमेऱ्यातून जसा निघाला तसा. माझ्या भाच्यानं तर दम देऊन घेतले."

'ओरिजिनल' हा शब्द ऐकल्यावर गिरिधररावांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते सुरुचीच्या कन्यादानाच्या वेळीही आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते फोटोग्राफरच्या दुकानात हजर झाले.

फोटोग्राफर मोहित. मानेवाड्याला त्याचा छोटा स्टुडिओ होता, आणि लग्नसराईत दोन महिने नीट झोप न झाल्यामुळे त्याचे डोळे स्वतःच्याच फोटोत घेण्यासारखे राहिले नव्हते. त्यानं गिरिधररावांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. त्यानं समजावलं हीच त्याची चूक.

"काका, रॉ म्हणजे फोटो नसते. कच्चा माल असते. रंग नाही, उजेड नाही, काही नाही. आम्ही बसून एकेक निवडतो, उजेड-रंग सारखा करतो, तेव्हा कुठं फोटो होते. आता पाहा, आचारी तुम्हाला भाजी वाढते. वाटण थोडंच वाढते?"

"लग्नात मी वाटण बघितलं होतं," गिरिधरराव म्हणाले. ते खरं होतं. सकाळी सहा वाजता ते मुदपाकखान्यात उभे होते आणि आचाऱ्यानं त्यांना दोनदा बाहेर काढलं होतं.

"आणि एका प्रसंगाचे वीस-वीस फोटो असतात. एकोणीसमध्ये कोणाचे तरी डोळे मिटलेले, तोंड उघडं. आम्ही एक चांगला देतो."

"कोणता चांगला ते तुम्ही ठरवणार?"

"मंग त्याचंच तर काम आहे ना काका आमचं."

"माझ्या लग्नात फोटोग्राफरनं छत्तीस फोटो काढले, छत्तीसही दिले, आणि वर निगेटिव्ह दिल्या. आजही माझ्या कपाटात आहेत."

"पाहिल्या का कधी त्या?"

गिरिधररावांना प्रश्नच समजला नाही. "निगेटिव्ह पाहायची नसते," ते म्हणाले. "ठेवायची असते."

मोहितनं हात जोडले आणि नाही म्हणून सांगितलं. तेव्हा गिरिधररावांनी कागदाचा मार्ग धरला. 'विषय : विवाह समारंभाची मूळ छायाचित्रे मिळणेबाबत. संदर्भ : दिनांक चारची आपली-आमची तोंडी चर्चा.' अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला आणि दुकान दुपारी बंद असल्यामुळे परत आला. मग स्मरणपत्र क्रमांक एक गेलं, दोन गेलं. मोहितचं दुकान त्यांच्या घरापासून स्कूटरवर बारा मिनिटांवर होतं, पण प्रत्यक्ष हातात दिलेल्या कागदाला काय किंमत? तिसरं स्मरणपत्र मात्र ते स्वतः घेऊन गेले आणि पोच मिळेपर्यंत तिथंच बसले. मोहित बाहेर शूटिंगला गेला होता. तो येईपर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. गिरिधररावांनी तिघांनाही अतिशय सभ्यपणे सांगितलं, की काम सुंदर आहे, मुलगा गुणी आहे, फक्त इथं मूळ प्रत मिळत नाही. तिघंही विचार करून येतो म्हणाली. विचार करून येतो म्हणणारं माणूस पुन्हा त्या रस्त्यानंसुद्धा जात नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. चौथ्या दिवशी मोहितनं एक काळी डबी त्यांच्या हातात ठेवली.

"यात सगळं आहे काका. सहा हजार नऊशे त्रेचाळीस. एकही कमी नाही. फक्त एक ऐका. चार लोकांत लावू नका. अन् लावले तर माझ्या दुकानाचं नाव घेऊ नका."

गिरिधरराव विजयी मुद्रेनं घरी आले. ती डबी त्यांनी आधी देवाजवळ ठेवली आणि मग कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटरनं 'ही फाइल उघडता येत नाही' असं सहा हजार नऊशे त्रेचाळीस वेळा सांगायची तयारी दाखवली. गिरिधररावांनी ताबडतोब चौथं स्मरणपत्र लिहायला घेतलं, पण सुरुचीनं फोनवर सांगितलं की बाबा, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सौरव आला. सॉफ्टवेअर बसलं आणि कॉम्प्युटर बसला. सौरव तो उचलून घेऊन गेला, आठ दिवसांनी परत आला आणि म्हणाला की मशीन जुनी आहे, एवढं वजन तिला झेपत नाही, मी माझ्या मशीनवर सगळे फोटो साध्यात बदलून आणले आहेत.

"बदलून?" गिरिधररावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"रंगबिंग काही नाही काका. जसे होते तसेच. फक्त दिसतील आता. टीव्हीवर लावून देतो, एका सेकंदाला एक, आपोआप चालतील."

"एकही न वगळता?"

"एकही नाही."

प्रेमलताबाईंनी फार साधी गोष्ट सुचवली. आधी आपण दोघं बघून घेऊ, मग चार जणांना बोलावू. गिरिधररावांना हे मुळीच पटलं नाही. सीलबंद दप्तर पंचांसमक्षच उघडायचं असतं. आधी बघितलं, तर उद्या रुपरावच म्हणतील की तुम्ही तुमच्या सोयीचं ठेवलं. रुपराव आयुष्यात असं काही म्हटले नसते, पण आपल्या मनातला माणूस समोरच्यात घालून मग त्याच्याशी भांडायची सोय पांढरपेशा माणसाला फार जुनी आहे.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी मंडळी जमली. पारशिवनीहून रुपराव, त्यांच्या पत्नी आणि दोघं भाऊ. सुरुची-ऋषिकेश. गिरिधररावांची मोठी बहीण शामला, वरच्या आळीतलं आणखी एक जोडपं, आणि बोलावलं नसतं तरी आल्या असत्या म्हणून बोलावलेल्या शोभाताई. गोळाभात झाला, आमरस झाला. पडदे ओढले, कूलर लावला. गिरिधररावांनी उभं राहून चार शब्द सांगितले, की आजकाल सगळीकडे दिखाऊपणा झाला आहे, पण आज आपण लग्न जसं झालं तसं बघणार आहोत.

पहिले दोनशे बारा फोटो एका खुर्चीचे होते.

मांडवातल्या रिकाम्या खुर्चीवर मोहितनं उजेड कसा पडतो ते बघितलं होतं. साडेतीन मिनिटं मंडळी ती खुर्ची बघत राहिली. रुपरावांचा एक भाऊ म्हणाला, "खुर्ची मजबूत दिसून राहिली," आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं. मग माणसं सुरू झाली, आणि खोलीत एक कुजबूज उठली. सगळे रंग पाण्यात खळबळून काढल्यासारखे होते. हळद लागलेली सुरुची कावीळ झाल्यासारखी, बाकीचे मेल्यासारखे. प्रेमलताबाईंचा वांगी शालू शेणानं सारवलेल्या अंगणाच्या रंगाचा झाला होता. त्या उठून आत गेल्या आणि सगळ्यांसाठी पाणी आणलं, नवऱ्याला सोडून.

एका सेकंदाला एक फोटो, आणि मोहितनं एका दमात वीस-वीस काढलेले. त्यामुळे टीव्हीवर फोटो दिसेनात, हिसके देत चालणारा सिनेमा दिसायला लागला. या सिनेमात कोणी नट नव्हतं. कॅमेरा पुढच्या माणसावर होता, पण मागची माणसं आपल्याकडे कोणी बघत नाही अशा विश्वासानं वागत होती.

रुखवताचा प्रसंग आला. सगळं रुखवत स्वतःच्या हातानं केलं असं शामलाबाईंनी लग्नात प्रत्येक बाईला थांबवून सांगितलं होतं. टीव्हीवर शामलाबाई टेबलाशी वाकल्या, एक लाकडी बैलगाडी उचलली, उलटी केली आणि नखानं दुकानाचं लेबल खरवडू लागल्या. चौदा फोटो खरवडत होत्या. लेबल चिवट होतं. मग पुढची वस्तू घेतली.

"कॅमेरा तिकडे कशाला नेला त्यानं?" शामलाबाई म्हणाल्या.

"आत्या, तो माझा फोटो घेत होता. तू मागे आलीस," सुरुची म्हणाली.

लग्नाच्या दिवशी शोभाताईंची चतुर्थी होती. पाण्याच्या घोटावर आशीर्वाद देऊन गेले हो मी, असं त्या अजूनही सांगत. वधूवरांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, त्या पनीरच्या भाजीत पुरी बुडवताना दिसल्या. नऊ फोटोंनंतर त्यांनी दुसरी पुरी घेतली. शोभाताईंनी आपली पर्स मांडीवर उघडली आणि बराच वेळ तिच्यात काहीतरी शोधलं.

मग मंगलाष्टकं लागली आणि पहिल्या रांगेत रुपराव झोपलेले दिसले. मान मागे, तोंड उघडं. कुणीतरी फेकलेल्या अक्षता त्यांच्या तोंडात पडल्या. पुढच्या सहा फोटोंत रुपराव जागे न होता चावत होते. पारशिवनीची मंडळी जी हसायला लागली ती थांबेनात. सगळ्यांत जास्त हसत होते रुपराव. "पाहा बाप्पा, अक्षदा खाऊन राहिलो मी," ते डोळे पुसत म्हणाले. "दोन रात्री झोप नव्हती ना. बैल व्यायल्यासारखा पडलो."

"बैल व्यातो का कुठी?" त्यांची बायको म्हणाली, आणि हसण्याची दुसरी लाट आली.

गिरिधररावांना हे हसणं आवडलं नाही. स्वतःवर इतकं मोकळं हसणारी माणसं त्यांना नेहमीच थोडी अशिक्षित वाटत. ते खुर्चीत पुढे सरकले, कारण पुढचा प्रसंग साहेबांचा होता.

साहेब आले. गिरिधरराव हात जोडून पुढे झाले. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. पलीकडे कोट घालून मांडवाचा ठेकेदार उभा होता. साहेब पुढे गेले, ठेकेदाराचा हात हातात घेतला आणि तो हलवत राहिले. दहा मिनिटांचं माहीत नाही, पण अठ्ठावीस फोटो हलवला. मुलीचा बाप म्हणून त्याचं अभिनंदन चाललं होतं हे सगळ्यांना कळत होतं. त्या अठ्ठावीसही फोटोंत गिरिधरराव बाजूला हात जोडून उभे होते आणि दर फोटोगणिक ते हात थोडे थोडे खाली येत होते. शेवटी साहेबांनी ठेकेदाराला विचारून जेवणाची दिशा पकडली.

"उजेडामुळे गैरसमज झाला असेल," वरच्या आळीतले गृहस्थ म्हणाले. सांत्वन करायची ही पद्धत माणसाला मारून टाकते.

गिरिधररावांनी सौरवनं दिलेला रिमोट चाचपला. आता थांबवावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. तेवढ्यात आहेराचा प्रसंग लागला.

रुपरावांनी पुढे होऊन गिरिधररावांच्या अंगावर शाल घातली. तपकिरी, जाड, लोकरीची. दोघांनी कॅमेऱ्याकडे बघून हसून घेतलं. हा फोटो अल्बममध्ये होता. त्याच्या पुढचे नव्हते. रुपराव वळले आणि गिरिधररावांचं हसू दिवा मालवावा तसं गेलं. त्यांनी शालीचं टोक दोन बोटांत धरून चोळून बघितलं. नाकाला सुरकुती पडली. शेजारी शामलाबाई होत्या, त्यांच्यापुढे ते टोक धरलं. त्यांनीही चोळून बघितलं. त्यांच्याही नाकाला तशीच सुरकुती पडली, कारण नाक एकाच घराण्याचं होतं. मग दोघं हसले. मग गिरिधररावांनी शालीची चौघडी केली, प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.



गिरिधररावांनी बटण दाबलं. ते थांबायचं बटण नव्हतं. चित्र उलटं चालायला लागलं. गिरिधरराव शालीवरून उठले, चौघडी उलगडली, नाकाची सुरकुती गेली, हसू परत आलं. घाबरून त्यांनी दुसरं बटण दाबलं. चित्र पुन्हा सरळ चाललं आणि ते पुन्हा नाक मुरडून शालीवर बसले. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी ऋषिकेशनं उठून त्यांच्या हातातून रिमोट घेतला. सासऱ्याच्या हातातली वस्तू इतक्या हळुवारपणे काढून घेणारा जावई कोणालाही लाभो, असं एरवी कोणीही म्हटलं असतं.

"बंद करू का, बाबा?" त्यानं आपल्या वडिलांना विचारलं.

"काहून?" रुपराव म्हणाले. "चालू दे. पुढं काय झालं ते पाहू."

पुढं पाठवणी होती. आपण पाठवणीच्या वेळी रडलो नाही, घरातला एक तरी माणूस खंबीर लागतो, हेही गिरिधररावांनी बागेत सांगितलेलं होतं. अल्बममध्ये ते लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ताठ उभे आहेत असा एक फोटो होता. तो फोटो टीव्हीवर आला आणि एका सेकंदात गेला. त्यानंतर त्रेसष्ट फोटोंत गिरिधरराव रडत होते. डोळ्यांतून पाणी काढून सभ्यपणे रडतात तसं नाही. तोंड वाकडं झालेलं, फेटा कानावर आलेला, नाक वाहत होतं आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. सुरुची गाडीत बसली होती आणि ते गाडीचं दार सोडत नव्हते. प्रेमलताबाई त्यांचा एक हात ओढत होत्या. मग उजवीकडून रुपराव आले. त्यांनी खांद्यावरच्या शेल्याचं टोक घेतलं आणि लहान पोराचं पुसावं तसं गिरिधररावांचं नाक पुसलं. एकदा, मग नीट दुसऱ्यांदा.

गिरिधररावांना यातलं काही आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. त्यांनी सुरुचीकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत होती.

यानंतर तीनशे फोटो उरले होते. खुर्च्या रचणारे मजूर, उष्ट्या पत्रावळी, मांडवाचा सुटलेला कापडी कोपरा. पाच मिनिटं सगळ्यांनी ते अतिशय लक्ष देऊन बघितले, कारण आधी कोणी उठायचं हे कोणालाच समजत नव्हतं.

निघताना रुपरावांनी दारात चप्पल घातली आणि साध्या आवाजात व्याह्यांना म्हणाले, "इवाई, ते शाल पाहून घेतली तुमी, बरं केलं. पण बोटानं चोळून समजत नाही ते. आंगावर घ्या लागते." मग सुनेकडे वळले. "सुरुची, यातला एक फोटो मले पाहिजे. बैठकीत लावतो. कोणता ते तुले घरी सांगतो."

शामलाबाई जाताना भावाशी बोलल्या नाहीत. शोभाताईंनी जिन्यात सांगितलं की भाच्याचंही काही खरं नाही, तो उगीच काहीतरी सांगतो. आणि गिरिधरराव तीन आठवडे झोपेतही एकच विचार करत राहिले : कोणता फोटो? सुरुचीला त्यांनी पाच वेळा आडून आणि एकदा सरळ विचारलं. "मामंजींनी सांगू नका म्हटलं आहे," एवढंच ती म्हणाली. पारशिवनीतल्या बैठकीच्या भिंतीवर आपण नाक मुरडून शालीवर बसलो आहोत आणि येणारा-जाणारा चहा पिता पिता ते बघतो आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. ते मोहितकडेही जाऊन आले. दुकानाबाहेर स्कूटर लावली, दहा मिनिटं उभे राहिले आणि परत फिरले. विचारायचं काय? माझा खरा फोटो कोणाला देऊ नकोस?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रुपरावांकडून जेवणाचं आमंत्रण आलं. प्रेमलताबाईंनी पिशवी भरली. निघायच्या वेळी गिरिधरराव आतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर ती तपकिरी लोकरीची शाल होती. बाहेर शेहेचाळीस डिग्री तापमान होतं. कुत्रीसुद्धा नालीत बसली होती.

"अहो, काय हे," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"अंगावर घ्यावी लागते," गिरिधरराव म्हणाले आणि गाडीत बसले.

पारशिवनीपर्यंत त्यांनी शाल काढली नाही. रुपरावांनी त्यांना दारातच बघितलं. "काहून गा इवाई, ताप आहे का तुमाले?" त्यांनी कपाळाला हात लावून बघितला. मग त्यांच्या लक्षात आलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पंखा थोडा गिरिधररावांकडे वळवला आणि म्हणाले, "या, बसा. फोटो पाहा."

गिरिधररावांनी मान वर केली. भिंतीवर सोनेरी चौकटीत पाठवणीचा फोटो होता. रुपराव त्यांचं नाक पुसत होते तो. पण त्यात नाक कोरडं होतं. डोळे कोरडे होते. फेटा सरळ होता. सगळ्यांचे रंग उजळ, सुंदर होते.

"मीच गेल्तो त्या मोहितकडं," रुपराव म्हणाले. "म्हटलं, आमच्या इवायाचं नाक तेवढं साफ करून दे बावा, लोकं पाहतात. त्यानं डोळेही पुसून देल्ले. पोरगा कामाचा आहे."

गिरिधररावांचा श्वास मोकळा झाला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण आभार मानायची सवय नसलेल्या माणसाला ऐन वेळी शब्द सापडत नाहीत. ते शाल सावरून बसले. घामाची धार पाठीवरून खाली गेली. जेवणाआधी शेजारपाजारचे लोक सुनेच्या आईवडिलांना भेटायला यायला लागले. पहिली आली शेजारची म्हातारी तुळसाबाई. तिनं गिरिधररावांना बघितलं, भिंतीवर बघितलं, पुन्हा त्यांना बघितलं. मग पाणी घेऊन आलेल्या सुरुचीला विचारलं,

"काहून वं पोरी, तुह्या सासऱ्यानं तुह्या बापाचं नाक काहून धरलं?"

गिरिधररावांनी फोटोकडे पुन्हा बघितलं, आणि त्यांनाही ते दिसलं. आसवं गेली होती, वाहणारं नाक गेलं होतं, आणि उरलं होतं एवढंच, की भर पाठवणीत रुपराव लोहकरे गिरिधरराव दाणींचं नाक चिमटीत धरून उभे आहेत आणि दाणींचं तोंड वाकडं झालं आहे. रुपरावांनीही मान तिरपी करून बघितलं. हे त्यांच्याही ध्यानात आता येत होतं.

सुरुची वडिलांकडे बघत होती. दारात आणखी दोघी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"रडत होतो मी," गिरिधरराव म्हणाले.

"काय म्हणते?" तुळसाबाईनं कानामागे हात नेला.

"तिले कमी आयकू येते," रुपराव हळूच म्हणाले. "जरा जोरानं."

गिरिधररावांनी शालीच्या टोकानं कपाळ पुसलं आणि अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरगी चालली होती माझी. रडत होतो मी. नाक पुसलं त्यांनी माझं."

तुळसाबाईनं फोटोकडे निरखून बघितलं आणि दारातल्या दोघींना पुढे यायला जागा करून दिली.